सगळे वाघ मामांचेच

मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, आणि आजवर मी काढलेले सगळे वाघ माझे सासरे आहेत. अस्वलंही बहुतेक तेच. एक दमलेला उंट, एक चिडका राजा आणि स्वतःचाच मंत्र विसरलेला जादूगार, तेही तेच. आमच्या सासूबाई मगर आहेत, आणि हे त्यांना माहीत आहे. नवरा एकदाच गाढव झाला. पुस्तक छापून आल्यावर त्याचे मित्र त्याला दुकानात येऊन ते पान दाखवायला लागले, तेव्हापासून मी पेन्सिल उचलली की तो उठून जातो. शेजारच्या काकूंना मी कोंबडी केली होती. मला वाटलं आता भांडण होणार. तर काकूंनी चित्रावर बोट ठेवलं, "अगं बाई, ही तर मीच की!" म्हणाल्या आणि पुस्तक पदराखाली घालून घेऊन गेल्या. ते अजून परत आलेलं नाही.

राणीसावरगावात बसून पुस्तकांची चित्रं कशी काय काढता, असं लोक विचारतात. मला या प्रश्नाचा राग येतो. तसा मला बऱ्याच गोष्टींचा येतो, पण याचा जास्त. हात काय पुण्याला ठेवून आलेय का मी? गोष्ट फोनवर येते. मी ओसरीवर बसून चित्र काढते, रंगवते. नवऱ्याचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथल्या मशीनवर चित्र स्कॅन करून पाठवते. पुस्तकं आली की कुरिअरवाला गंगाखेडहून फोन करतो, "ताई, येऊन घेऊन जा," कारण त्याची गाडी आमच्यापर्यंत यायला कधीच तयार नसते. एवढा कुरिअरचा त्रास सोडला तर माझं काही अडत नाही. उलट पुण्यातल्या चित्रकारांकडं मामा नाहीत, त्यांचं कसं चालतं कोण जाणे.

मामा म्हणजे सासरे. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मामा एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर त्यांनी गाडीत माणसं बघितली आणि घरी येऊन ती करून दाखवली. अर्ध्या तिकिटासाठी मिसरूड फुटलेल्या पोराला मांडीवर घेऊन बसणारी बाई, सुटे पैसे खिशात असूनही न्हाईत म्हणणारा सावकारी थाटाचा म्हातारा, घाट आला की देवाचं नाव घेणारा आणि घाट संपला की शिव्या देणारा पैलवान. मामांचं तोंड रबरासारखं होतं. भुवया एकीकडं, मिशा दुसरीकडं, आणि ओसरीवरचे सगळे पोट धरून हसायचे.

हे मला कळायला मात्र वेळ लागला. मी पाथरीहून लग्न होऊन आले तेव्हा या घरात सुनेनं सासऱ्याच्या तोंडाकडं बघायचं नाही अशी रीत होती. डोक्यावर पदर, नजर जमिनीला. मामांना मी चपलांवरून आणि खोकल्यावरून ओळखायची. त्याच सुमारास मला पहिलं पुस्तक मिळालं, त्यात वाघ होता. मी फोटो बघून बघून एक देखणा वाघ काढला. संपादक बाई फोनवर म्हणाल्या, "वाघ सुंदर आहे, पण त्याच्या मनात काहीच चाललेलं नाही." मला असला राग आला! त्या दिवशी भाकरी थापताना मी परातीवर तो सगळा काढला. तेवढ्यात ओसरीवर मामा कुणाला तरी पैलवान करून दाखवायला लागले. मी दाराआडून डोकावले. समोर माझा वाघ बसला होता, मनात सतरा गोष्टी चाललेला. मी पिठाच्या हातानंच एका लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला त्यांना उतरवायला लागले.

"कोण बघायलंय तिकडून?" मामांनी विचारलं.

आता लपून काय उपयोग! मी पदर सावरत खरं सांगून टाकलं. आत्यांनी कपाळाला हात लावला. "सासऱ्याच्या तोंडाकडं टक लावून बघायलीस? लोक काय म्हणतील?"

मामांनी ती लग्नपत्रिका हातात घेतली, उलटसुलट करून बघितली. "लोकाला सांग, सासरा वाघ झालाय. वाघाकडं बघायला काय हरकत हाय?"

झालं, रीत त्या दिवशी संपली. त्यानंतर प्रत्येक पुस्तकाला मामा स्टूलावर आणि मी समोर चटईवर. आधी मी गोष्ट वाचून दाखवायची. मग सांगायचं, "मामा, अस्वलाला लाज वाटलीय." ते लगेच करत नसत. विचारत, "कुणासमोर?" बायकोसमोरची लाज निराळी, साहेबासमोरची निराळी, असं त्यांचं म्हणणं. मला ते आधी सुचलेलंच नसायचं. मग ते तोंड धरून बसायचे आणि मी ओरडायची, "हलू नका! मामा, सांगितलं ना, हलू नका!" रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची, की ही कोण सून सासऱ्याच्या अंगावर एवढी ओरडायली. मामा ओठ न हलवता त्यांना सांगायचे, "काम चालू हाय." मला त्या घरात पहिल्यांदा आपलं वाटलं ते तिथं, त्या चटईवर. माझ्या वडिलांनीसुद्धा माझ्या चित्रासाठी एवढा वेळ कधी दिला नव्हता.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी मामा चहा प्यायला बसले आणि चहा ओठाच्या कोपऱ्यातून सदऱ्यावर सांडला. आत्या म्हणाल्या, कपाला तडा गेलाय. कप बदलला. पुन्हा सांडला. मग मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. डावी बाजू सगळी खाली आली होती. भुवई, डोळा, ओठ, गाल, सगळं.

गंगाखेडला नेलं, तिथून परभणीला. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही, हा मोठा लकवा नव्हे, चेहऱ्याची शीर आहे. गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायचं औषध दिलं, आरशासमोर करायचे व्यायाम दिले. बरंच सुधारेल, पण या वयात पहिल्यासारखं सरळ होईलच असं सांगता येत नाही, असंही म्हणाले. गावात बातमी गेली, कंडक्टरच्या तोंडावरून वारं गेलं. मग माणसं यायला लागली. कुणी झाडपाला सांगायचं, कुणी कुठल्याशा गावचा वैद्य. बोलायचे सगळे मायेनं, पण नजर कुठं ठेवायची ते कुणालाच कळत नव्हतं. आलेला माणूस एकदा मामांकडं बघायचा आणि मग सगळा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलायचा.

थोड्याच दिवसांत मामांनी उपरणं नाकाखालून गुंडाळून घेतलं, डावा डोळाही त्यात झाकायला लागले. ते मग सुटलंच नाही. जेवायचे आतल्या खोलीत, दार लावून. माणूस आला की झोपल्याचं सोंग. एकदा आत्या न राहवून म्हणाल्या, "बघ गं, आता सासऱ्यानंच सुनेसमोर पदर घेतलाय!" आम्ही सगळे फस्सकन हसलो. मामाही उपरण्याआड हसले असावेत, कारण ते एकदम उठले, आत गेले आणि कडी लावली. हसलं की तोंड जास्तच वाकडं व्हायचं, ते त्यांना आरशात कळलं होतं. आत्या पदर तोंडाला लावून बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या.

त्या वेळी माझ्या हातात नेमकं वाघाचंच पुस्तक होतं. एका म्हाताऱ्या वाघाची नात रानात चुकते. वाघ तिला शोधत हिंडतो, ती सापडते, दोघं परत येतात. गोष्ट एवढीच, पण मला फार आवडलेली. निम्मी पानं झाली होती. मी भीतभीत मामांना विचारलं. त्यांनी उपरणं आणखी घट्ट ओढलं. मग म्हणाले, "हिकडची बाजू काढ. तिकडची न्हाई." आणि उपरणं जरासं सरकवून उजवा गाल तेवढा मोकळा केला.

मी तसं काढलं. वाघ उजवीकडं तोंड करून चालला, उजवीकडं तोंड करून पाणी प्याला, उजवीकडं तोंड करून झाडाखाली बसला. पुस्तकात पुढं जाणारं जनावर उजवीकडंच बघतं, त्यामुळं तिथवर निभावलं. परतीच्या पानांवर त्याला डावीकडं तोंड हवं होतं, तर मी उजवंच चित्र कॉम्प्युटरवर उलटवून घेतलं. आता फक्त शेवटचं पान राहिलं होतं. त्या पानावर एकच ओळ होती: वाघानं मागं वळून तिच्याकडं बघितलं. म्हणजे तोंड समोर हवं, पूर्ण.

मी जुनी रेखाटनं काढून त्यावरून वाघ केला. चांगला झाला, पण तो गेल्या वर्षीचा वाघ होता. नात हरवल्याचं त्याला माहीतच नव्हतं. मग मी त्याला पाठमोरा काढून पाठवला. संपादक बाई म्हणाल्या, "अहो, तो शेवटी आपल्याकडं बघत का नाही? मुलं त्याचीच वाट बघत असतात."

"वाघाची मर्जी!" असं म्हणून मी फोन ठेवून दिला. नंतर पुन्हा लावून माफी मागितली. त्या चांगल्या आहेत बिचाऱ्या. म्हणाल्या, घ्या थोडा वेळ, पण तोंड हवंच.

तोंड मलाही हवं होतं. पण खरं सांगते, पुस्तकाची काळजी वरवरची होती. माझ्या डोळ्यांदेखत एक बोलका माणूस दाराआड गेला होता आणि तो तिथंच राहिला असता तर ते माझ्यानं बघवलं नसतं.

अशातच येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, आली. येळवशीला आमच्याकडं घरी कुणी राहत नाही. शेतात कडब्याची कोप उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडून पूजा करायची, आणि मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील, जो बांधावरून जाईल त्याला हात धरून आणून जेवायला बसवायचं. कोपीभोवती आंबील शिंपडत ओलगे-ओलगेचा पुकारा करायचा मान मामांचा. त्यांचा आवाज चार रानांपलीकडं जायचा.

"मी येत न्हाई," मामा म्हणाले. आत्यांनी विनवलं, नवऱ्यानं विनवलं. "जा तुमी. माझी तब्येत बरी न्हाई."

आम्ही गेलो. त्या दिवशी पुकारा नवऱ्यानं केला. बिचाऱ्यानं जोर लावला, पण आवाज कोपीच्या पलीकडं काही गेला नाही. आणि जो जेवायला आला तो पहिलं हेच विचारायचा, "कंडक्टर कुठं हाय?" थंडी वाजली म्हणून सांगून सांगून माझं तोंड दुखलं. मामांच्या बरोबरीचे एक आजोबा द्रोण हातात घेऊन म्हणाले, "त्यानं वाढल्याबिगर आंबील गोड लागत न्हाई बग." त्यांनी सहज म्हटलं होतं. पण मी हातातला घास खाली ठेवला. मामांची दया येते म्हणता म्हणता मला त्यांचा असा संताप आला की विचारू नका. एवढी माणसं जीव टाकायलीत आणि हा माणूस तिकडं कडी लावून बसलाय! मी डब्यात भज्जी-उंडे भरले आणि नवऱ्याला म्हटलं, "मला घरी सोड. आत्ताच्या आत्ता."

नवऱ्यानं मला दारात उतरवलं आणि तो आत्यांना आणायला परत गेला. मामा अंगणात उन्हात स्टूलावर बसले होते, तोंडाला उपरणं. मी डबा त्यांच्यासमोर आपटलाच.

"सगळे विचारायलेत, कंडक्टर कुठं हाय. काय सांगू मी?"

"सांग मेला म्हणून."

"असलं वंगाळ बोलायचं न्हाई!"

"मग काय बोलू? जिता हाय, पण तोंड दावायच्या लायकीचा न्हाई, असं सांग. जा."

"कुणी ठरवलं? लोक जेवायला थांबलेत तुमच्यासाठी. आत्या कोपीच्या मागं जाऊन रडून आल्यात. मला कळत न्हाई वाटतं तुमाला?"

"तुला तुझ्या पुस्तकाची पडलीय!"

"व्हय, पडलीय!" माझा आवाज गल्लीभर गेला असेल. "पुस्तकाची पडलीय अन् तुमची बी पडलीय! मला तुमचं तोंड लागतंय मामा. सरळ असू द्या न्हाईतर वाकडं. दुसऱ्या कुणाचं चालत न्हाई मला!"

मामा ताडकन उठले. "बघायचंय तुला? एवढी हौस हाय? बघ मग! घे बघून!" आणि त्यांनी उपरणं ओढून फेकून दिलं.

ते माझी नजर हलायची वाट बघत होते. इतके दिवस प्रत्येकाची हलली होती.

मी बघत राहिले. उजवी भुवई वर चढली होती, उजवा डोळा नुसता पेटलेला. डावी बाजू मात्र शांत, तिच्यापर्यंत भांडण पोचलंच नव्हतं. तो डोळा उघडा आणि ओला, ओठाचा कोपरा खाली. अर्धं तोंड रागावलेलं आणि अर्धं कुणाची तरी वाट बघून थकलेलं. सगळं रान पालथं घालून आलेला माझा वाघ तोच होता. माझा हात आपोआप ओसरीच्या कोनाड्यातल्या कागद-पेन्सिलीकडं गेला.

"हलू नका!" मी ओरडले.

आणि मामा हलले नाहीत. रागानं फुललेले, बोट माझ्याकडं रोखलेलं, तसेच उभे राहिले. किती वर्षांची सवय ती. मी कागदावर दोन रेघा ओढल्या, वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं. काही वेळानं त्यांचं बोट हळूहळू खाली आलं. मग तेही स्टूलावर बसले.

"काय बघायलीस?" त्यांनी विचारलं. शब्द थोडे फुसकत होते, ते मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा समोरून ऐकलं.

"डोळा."

"कोणता?"

"दोन्ही. गप बसा."

डाव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. "मी रडायलो न्हाई," मामा म्हणाले, "तो डोळा आपोआपच गळतो."

"गळू द्या. पुसायचं न्हाई."

मला मात्र खरंच रडू येत होतं. ते मी तसंच गिळलं, कारण कागद ओला झाला असता तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं असतं. ऊन अंगणातून सरकत भिंतीला गेलं. डब्यातली भज्जी थंड झाली. चित्र झालं तेव्हा मला मनातून बरं वाटलं होतं. वाघ वळून बघत होता आणि त्याला सगळं माहीत होतं.

"दाव," मामा म्हणाले.

मी कागद दिला. त्यांनी तो लांब धरला, मग जवळ धरला. मग स्वतःच्या डाव्या गालावरून हात फिरवला, भुवईपासून ओठापर्यंत, सावकाश. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याच चित्राकडं त्यांनी एवढा वेळ बघितलं नव्हतं. त्यांना वाईट वाटलं असेल, आता उपरणं पुन्हा उचलतील, असं मला वाटायला लागलं.

"हे न्हाई जमलं तुला," ते म्हणाले.

"का? काय झालं?"

"हा डोळा. माझा एवढा वर न्हाई. अन् ओठ बी बघ, निम्मा तूच उचललास." त्यांनी कागद माझ्यापुढं धरला. "तू मला सावरून घ्यायलीस, माय."

  खरं होतं ते.

"वाघ ना हा? नातीला शोधून दमून आलेला? मग जसं हाय तसं काढ."

मी रबर घेतलं आणि डावा डोळा खोडला. मामांनी स्टूल स्वतःच उजेडाकडं ओढलं आणि तोंड समोर केलं. मी डोळा खाली घेतला.

"अजून खाली," मामा म्हणाले.

मी अजून खाली घेतला.